काचेच्या बाथरूमचं बटण

होमाच्या धुराचा वास आला, की मला कोल्हापूरजवळच्या कळंब्याचा तो बंगला आठवतो. त्याचा आर्किटेक्ट मीच; इटलीच्या प्रदर्शनात बघून मी तिथल्या बाथरूमला जादूची काच बसवली होती; एरवी दुधासारखी पांढरी, बटण दाबलं की आरपार. वास्तुशांतीला अख्खा जिल्हा जेवायला लोटलेला. बासुंदीनं घात केला आणि मी आत बसलेलो असतानाच घर बघत फिरणारे पाहुणे दाराशी आले. आपल्याकडच्या रिवाजानं बटण मी बाहेरच ठेवलं होतं. मालकांच्या आत्यांनी लाईटचं समजून तेच दाबलं. काच लख्ख झाली. मी नुसते हात जोडले. आत्यांनीही उलट नमस्कार केला. मागून मालकांचे मामा गरजले, "बसा की पावणं, उठू नका." आजही कोल्हापुरात कुणी "बसा की" म्हणालं, की मी उभाच राहतो.