चौदावं दार

जहाजावर जायचं लेकीनं ठरवलं. ती पुण्याला नोकरीला. दिवाळीला गावी, झरीला आली तेव्हा मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाली, "मुंबईहून निघायचं, दोन रात्री जहाजावर आणि मधला अख्खा दिवस समुद्रात. काही करायचं नाही. नुसतं बसायचं, खायचं आणि समुद्र बघायचा." तिचे वडील हसले. कापूस, सोयाबीन आणि दोन म्हशी असलेल्या माणसाला नुसतं बसायचं म्हणजे काय, ते कळत नव्हतं. "माय येत आसंल तर येतो," एवढंच ते बोलले. माय म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. वय पंचाहत्तरच्या पुढं, अक्षरओळख नाही, पण पाय अजून घट्ट. त्या एका पायावर तयार झाल्या.

मीही हो म्हणाले. नाही कशी म्हणणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना महासागर शिकवणारी बाई मी. पण मला पाण्याची भीती वाटते हे घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. माझं माहेर पाथरीकडचं, शेताला लागून कालवा. नऊ वर्षांची असताना धुणं धुताना पाय घसरला आणि मी वाहत गेले. मेंढरं चारणाऱ्या एका माणसानं काठीचा आकडा परकराला अडकवून मला ओढून काढलं. तेव्हापासून खोल पाणी दिसलं की माझ्या तळपायातून गार कळ वर चढते. विहिरीतसुद्धा मी कधी वाकून पाहिलेलं नाही.

जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या सगळ्यांना एका दालनात बसवून, बुडायची वेळ आली तर काय करायचं ते शिकवलं. भगव्या रंगाची फुगीर जाकिटं, शिट्टी, भोंगा. लेक म्हणाली, "नियम आहे आई, सगळीकडं दाखवतात." मी मान डोलावली. माझे हात मात्र बर्फासारखे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा खोलीच्या गोल खिडकीत किनारा नव्हता. नुसतं निळं, आणि ते हलत होतं. लेकीच्या मोबाइलची रेंजही गेलेली. "आता मस्त, ऑफिसचा फोन येणार नाही," ती खुशीत म्हणाली. माझ्या मनात आलं, काही झालं तर आपलाही फोन कुणाला जाणार नाही.

नाश्ता करून आम्ही वरच्या गच्चीवर गेलो. तिथं लांबलचक खुर्च्या मांडलेल्या. पोहायच्या हौदात पोरं दंगा करत होती, कुठंतरी गाणी लागली होती. आमचे मालक, लेकीचे वडील, एका खुर्चीवर आडवे झाले आणि टोपी तोंडावर घेऊन पाच मिनिटांत घोरायला लागले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या माणसाला सकाळी दहा वाजता झोपलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. लेक चहा आणायला गेली. मी कठड्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब, भिंतीला पाठ लावून बसले.

आत्याबाई मात्र उभ्याच. "चल की माय, समिंदराच्या पाया पडून येऊ."

"तुमी जाऊन या. मला गरगरायलंय."

"मला एकलीला सुदरत न्हाई. चल, हाताला धर."

त्यांनी माझा हात ओढला. मी तो हिसडून सोडवला. "नका ना ओढू आत्याबाई! एवढ्याशा जागेत काय हारवनार हाव का तुमी? जा म्हनलं ना!"

आवाज जरा मोठाच निघाला. त्यांनी हात मागं घेतला. पदर सावरून कठड्याकडं गेल्या. मी डोळे मिटून घेतले, कारण त्यांच्यापलीकडं ते निळं पाणी वर-खाली होताना दिसत होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पंधरा मिनिटं असतील, वीस असतील. डोळे उघडले तर कठड्याशी कुणी नव्हतं. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. नऊवारी लुगड्यातली बाई त्या गर्दीत लपण्यासारखी नव्हती. मी उठले. भिंत सोडली आणि एकेक पाऊल टाकत कठड्यापर्यंत गेले.

तिथं त्यांच्या चपला होत्या. तपकिरी, एका पट्ट्याला मी स्वतः टाका घातलेल्या. कठड्याला टेकून, शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या.

मी खाली पाहिलं. दहा मजले खाली पांढरा फेस जहाजाला घासत मागं पळत होता. कालव्याचं पाणी कानात शिरल्यावर जसा आवाज झाला होता तसाच आवाज मला ऐकू यायला लागला. मी चपला उचलल्या. मागं फिरून मी मालकांना गदागदा हलवलं.

"आवो, उठा. आत्याबाई न्हाईत."

"न्हाईत म्हंजी?"

मी चपला पुढं केल्या. त्यांनी चपलांकडं पाहिलं, मग पाण्याकडं. चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. "माय गं," एवढंच बोलून ते कठडा धरून उभे राहिले. मी त्यांना दोनदा हाक मारली, ते हलले नाहीत. नजर पाण्यावर, ओठ नुसते हलत होते.

तेवढ्यात लेक चहा घेऊन आली. तिनं ऐकलं आणि कप तिथंच ठेवून खालच्या काउंटरकडं पळाली. मीही मागोमाग. तिथल्या निळ्या कोटातल्या बाईनं लेकीकडून आत्याबाईंचा फोटो घेतला, शांतपणे प्रश्न विचारले. कुठल्या रंगाचं लुगडं, ऐकू नीट येतं का, शेवटचं कुणी पाहिलं. "मी पाहिलं," मी म्हणाले. ती म्हणाली, कॅमेऱ्यांतलं चित्रण बघायला लावते, भोंग्यावरून पुकारा करते, तुम्ही घाबरू नका. पुकारा झालाही, हिंदीत आणि इंग्रजीत. पण आत्याबाईंना त्यातलं काय कळणार होतं?

लेक काउंटरवर थांबली. मी म्हटलं, एकदा खोली बघून येते. खोलीचं कार्ड आमच्याकडंच होतं, त्या आत असणं शक्य नव्हतं, तरी गेले. लिफ्टची वाट पाहवेना, म्हणून जिन्यानं आठव्या मजल्यावर चढले. आमच्या दारासमोर कुणी नव्हतं. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, खाली एकसारखा लाल गालिचा. मी तिथंच भिंतीला टेकले आणि एकदम आदल्या संध्याकाळचं आठवलं. लेक त्यांच्याकडून खोलीचा नंबर पाठ करून घेत होती, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आकडं कशाला? लिफ्टपून डाव्या हाताला चौदावं दार. म्या मोजलंय."

चौदावं दार. पण मजला? मजला त्यांनी कशानं मोजला असता?

मी नवव्या मजल्यावर पळाले. लिफ्टपासून डावीकडं चौदा दारं मोजली. कुणी नाही. मग जिन्यानं खाली, सातव्यावर. कुणी नाही. सहाव्यावर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. मोजायचीही गरज पडली नाही. बोळाच्या मध्यावर एका बंद दाराला पाठ टेकून, गुडघे पोटाशी घेऊन आत्याबाई बसल्या होत्या. अनवाणी.

मी त्यांच्यासमोर मटकन बसले. "आत्याबाई, आवो कुठं गेल्ताव तुमी?"

"कुठं जाऊ? पाया पडले, मला बी गरगराया लागलं. म्हनलं जरा निजावं. चार बाया लिफ्टीत शिरल्या, त्यांच्यासंगं शिरले, त्या उतरल्या तिथं उतरले. आपलं दार ठोकायलेय तर कुनी उघडंना."

"आन् चपला?"

"राह्यल्या की काय तिथंच? पाया पडताना काढल्या व्हत्या."

त्यांचा आवाज साधाच होता. मी हात धरला तर तो माझ्या हातासारखाच गार. मग त्या हळूच म्हणाल्या, "लय भ्याले गं माय. म्हनलं, तुमी समदे उतरून गेलाव आन् म्या ह्यातच राह्यले. तू तर चिडून बोललीस, आता नेतेत का न्हाई."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तेवढ्यात त्याच खोलीतलं एक जोडपं परत आलं. आम्हा दोघींना दारात बसलेलं पाहून ती बिचारी दोघं कार्ड हातात घेऊन तशीच उभी राहिली.

गच्चीवर मालक अजून त्याच जागी होते. मी "आवो, बघा," म्हणाले तेव्हा त्यांनी वळून पाहिलं, आणि इतका धिप्पाड माणूस फरशीवरच बसला. मग सरकत आईच्या पायाशी गेले. त्यांनी चपला तिच्या पायात घातल्या. घालताना अंगठा पट्ट्यात जाईना. लेकीनं खाली जाऊन शोध थांबवायला सांगितलं आणि येताना नवा चहा आणला. तो आम्ही फरशीवरच बसून प्यायलो.

राहिलेला दिवस खरंच निवांत होता. ऊन कोवळं, वारा बेताचा, जेवणात पंधरा-वीस पदार्थ. लेकीनं फोटो काढले. एका फोटोत मी हसतेय, पण डाव्या मुठीत आत्याबाईंच्या लुगड्याचा सोगा घट्ट धरलेला स्पष्ट दिसतो. त्या झोपल्या तेव्हाही मी तो सोडला नाही. दर थोड्या वेळानं ते निळं नजरेला पडायचं आणि मी मूठ आणखी आवळायची.

संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "मी पाण्याला भेते आत्याबाई. लहानपनापासून. म्हनून आले न्हाई तुमच्यासंगं. तुमच्यावर रागावले नव्हते."

"आदी सांगायचं की मग," त्या म्हणाल्या. "दोघी बी भिताडाजवळच बसलो आसतो."

झरीला परतल्यावर गल्लीतल्या बाया गोळा झाल्या. आत्याबाई दारात हरभरा सोलत बसल्या होत्या. हौदाचं, गालिच्यांचं, जेवणाचं सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. कुणीतरी विचारलं, "भेव न्हाई वाटलं का हो आजी?"

"भेव कशाचं? लय मजा आली," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं न बघता पुढचा घाटा सोलायला घेतला.