खिडकीतून आलेलं सँडविच
आज लोणच्यासाठी मोहरी फेसत होते. वास नाकात चढला आणि सिंगापूरचं ते सँडविच आठवलं. तेव्हा मी मरीन परेडला लेकाकडे राहायला गेले होते. एका दुपारी डॉक्टरांकडून येताना सून म्हणाली, "आई, इथे गाडीतून न उतरता चांगलं सँडविच मिळतं. जाड पावाचं, बर्गरसारखं लिबलिबीत नाही." तिने एका खांबापाशी काच खाली करून त्यावरच्या माइकमध्ये ऑर्डर सांगितली. पुढच्या खिडकीतून एक हात आला, पुडकं देऊन आत गेला. चेहरा न बघता कुणाच्या हातचं मी कधी खाल्लं नव्हतं. हळूच पाव उघडला, तर काकडी, टोमॅटो, मोहरीची पिवळी चटणी आणि तिच्याखाली तपकिरी चकत्या. मटणाला मी जन्मात शिवले नव्हते. "हे काय गं?" "सोयाच्या आहेत. मी तरी कुठे मटण खाते? तुम्हाला बाटवीन का?" तरी माझा हात तोंडाकडे जाईना. तिने गाडी बाजूला घेतली, माझ्या हातातलं सँडविच घेऊन मोठा घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मग म्हणाली, "आपल्या सोयाच्या वड्यांसारखंच लागतंय. खा आता." सुनेचं उष्टं मी पहिल्यांदाच खाल्लं. चव बरी होती. मघाशी तिचा फोन आला तेव्हा मी हसत ही गोष्ट काढली. ती म्हणाली, "आई, खात्री मलाही नव्हती. म्हणून तर आधी मी खाल्लं." माझा हात मोहरीतच थांबला.