कर्सियांगचा टप्पा आणि काकीमांचा र

सत्तरच्या दशकातल्या एका डिसेंबरात, रविवारी सकाळी, भवानीपूरला आम्ही राहत होतो त्या घराच्या तळमजल्यावर सिलिगुडीहून ट्रंककॉल आला. फोन घरमालकीणबाईंनी घेतला. निरोप माझ्या धाकट्या भावाबद्दल होता. त्या वेळी तो सायकल शर्यतीतला सिलिगुडी ते कर्सियांग हा घाटाचा टप्पा चढत असायला हवा होता.

भाऊ एका सायकल कारखान्याच्या संघात होता. त्याला पगार मिळे तो शर्यतीत सायकल चालवण्याचा. वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि त्यांच्या लेखी ही नोकरी नव्हती. मी एस्प्लनेडजवळ एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. युरोपातल्या मोठ्या शर्यतीत डोंगराचा टप्पा कोणी जिंकला ही बातमी वृत्तसंस्थेकडून दोन ओळींत येई, आणि बहुतेक वेळा ती छापायला जागा नसे. त्या दोन ओळी मी घरी नेत असे. कोण किती मागे राहिला, कोणी कुठे शर्यत सोडली, यावर आम्ही दोघं जेवताना वाद घालत असू. आता त्या ओळींच्या जागी भाऊ स्वतः होता.

या घाटात चढापेक्षा रूळ वाईट. दार्जिलिंगला जाणारी छोटी गाडी रस्त्याच्या कडेने चालते आणि दर थोड्या अंतराने रस्ता ओलांडून पलीकडे जाते. शर्यतीच्या सायकलीचा टायर अंगठ्याएवढा. रूळ तिरका ओलांडला तर चाक खाचेत जातं. हिवाळ्यात सकाळी रूळ दवाने ओले असतात आणि वाटेतल्या तिनधारिया गावाच्या वर धुकं असतं. दोन वर्षांपूर्वी वर्धमानच्या रस्त्यावर पडून भावाचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. त्याच जागी पुन्हा मार बसला तर हात खांद्याच्या वर जाणार नाही, असं डॉक्टरांनी आईच्या समोर सांगितलं होतं. त्यानंतर आई शर्यतीबद्दल एकच प्रश्न विचारत असे: पडला तर नाही? कर्सियांगला पोचलो की दुपारी बारापर्यंत फोन करतो, असं तो तिला सांगून गेला होता.

घरमालकीणबाईंना सगळे काकीमा म्हणत. त्या पूर्व बंगालातल्या बरिसालच्या. फाळणीनंतर कलकत्त्यात आल्या, पण बोली तिकडचीच राहिली. त्यांची बहीण त्या दिवशी हावड्याहून गाडीने जाणार होती आणि दारात टॅक्सी उभी होती. काकीमांनी जिन्यातूनच आईला निरोप सांगितला आणि त्या निघून गेल्या. मग आईने खाली जाऊन त्यांच्याच फोनवरून मला कचेरीत फोन केला.

"अरे, तो पडला."

कोण म्हणालं, असं मी विचारलं.

"काकीमा. 'तोमार छेले पोरे गेछे' म्हणाल्या. वर 'चिंता कोरो ना' म्हणाल्या. काही झालं नसेल तर काळजी करू नको असं कशाला म्हणेल कोणी?"

बंगालीत 'छेले' म्हणजे मुलगा आणि 'पोड़े गेछे' म्हणजे पडला. 'पोरे गेछे' म्हणजे नंतर गेला. फरक फक्त ड़ आणि र यांचा. पूर्व बंगालातल्या माणसांच्या तोंडी दोन्ही अक्षरं र होतात. मी आईला विचारलं, त्या नक्की काय म्हणाल्या, पोड़े की पोरे?

"मला काय कळतंय त्यातलं? माझं बंगाली कोळंबी आणि परवळापुरतं. तू शाळेत शिकलास ना, तू सांग."

मी सांगितलं की तो बहुधा उशिरा निघाला असेल. आई म्हणाली, "बहुधा हा शब्द तू पेपरात वापर." आणि फोन ठेवला.

मी सिलिगुडीला ट्रंककॉल लावायला दिला. ऑपरेटरने थांबायला सांगितलं. समोरच्या टेबलावर क्रीडा पान बघणारे दादा बसत. बागबाजारचे, पिढ्यान्‌पिढ्या कलकत्त्यातले; पूर्व बंगालातून आलेल्यांना ही मंडळी 'बांगाल' म्हणत. त्यांना मी प्रकार सांगितला. ते म्हणाले, "बांगाल बाई का? मग काहीही असू शकतं. त्यांच्यात माणूस धोतर वाचतो आणि पुस्तक नेसतो." नेसणं आणि वाचणं या क्रियापदांचीही बंगालीत हीच गत आहे. मी हसलो नाही तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि आमच्या सिलिगुडीच्या बातमीदाराच्या घरी स्वतः फोन लावून पाहिला. तो घरी नव्हता. शर्यतीमागे जीपने वर गेला होता.

बारा वाजून गेले. भावाचा फोन आला नाही. आईने त्या काळात मला तीनदा फोन केला. दुसऱ्या वेळी तिने विचारलं की कर्सियांगला इस्पितळ आहे का. आहे, असं मी सांगितलं. ते कळून तिला बरं वाटलं की वाईट, ते तिच्या आवाजावरून समजलं नाही.

दीडच्या सुमाराला काकीमा परतल्या. आईने त्यांना चपलासुद्धा काढू न देता फोनवर आणलं. मी काकीमांना विचारलं, फोन कोणी केला होता? संघाच्या मेकॅनिकने, त्या म्हणाल्या. मग मी विचारलं, पोरे, यातला र कोणता? बंगाली शाळेत ही दोन अक्षरं वेगळी सांगायची रीत आहे. ब खाली टिंब, त्यांच्या भाषेत शून्य, दिलं की र होतो, ड खाली टिंब दिलं की ड़.

काकीमा म्हणाल्या, "ओ मा! ब-ए शून्य र. ब-ए शून्य, बाबा. साखळी तुटली होती, म्हणून तो नंतरच्या तुकडीबरोबर गेला. फोन उशिरा येईल एवढंच सांगायचं होतं. आणि तुझी आई सकाळपासून जेवलेली नाही?"

मागून आईने विचारलेलं मला ऐकू आलं: "म्हणजे पडला नाही ना?"

"ना गो. पोरे गेछे."

आई जेवायला वर गेली. मी ट्रंककॉल रद्द केला नाही.

अडीचनंतर बातमीदाराचा फोन कर्सियांगहून आला. तो दादांनी घेतला आणि ऐकता ऐकता ते कागदावर लिहू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होतो. पहिली तुकडी धुकं उतरण्याआधी वर पोचली होती. दुसरी तुकडी तिनधारियाच्या वर धुक्यात सापडली आणि तिथल्या एका रूळओलांडणीवर एकामागून एक सहाजण पडले. दोघांना जीपमधून इस्पितळात नेलं. नावं मिळाली नाहीत.

दादांनी माझ्याकडे न बघता फोनमध्ये विचारलं, "नंबर सांग. पाठीवरचे नंबर." तिकडून उत्तर आलं की इस्पितळातल्या दोघांचे सदरे कापून काढले होते, त्यामुळे नंबर ठाऊक नाहीत. पोचलेल्यांची यादी पंच अजून करत आहेत. दादा म्हणाले, फोन ठेवू नकोस, जाऊन बघून ये. पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मध्ये ऑपरेटरने दोनदा विचारलं, बोलणं संपलं का? दादा दोन्ही वेळा नाही म्हणाले.

बातमीदार परत आला तेव्हा धापा टाकत होता. त्याने पोचलेल्यांचे नंबर क्रमाने वाचायला सुरुवात केली. दादा एकेक आकडा मोठ्याने म्हणून लिहीत होते. भावाचा नंबर सतरा. तो एकोणिसावा आला. दादांनी तिकडे विचारलं, स्वतःच्या पायांनी? बातमीदार म्हणाला, सायकलवर बसून. आता चहाच्या दुकानात आहे, त्याला मी पाहिलं. फोनसाठी रांग आहे.

मी तळमजल्यावरचा नंबर फिरवला. काकीमांनी उचलला. मी म्हणालो, "काकीमा, पौंछे गेछे. पोचला."

त्यांनी रिसीव्हर तसाच ठेवून जिन्यातून वर आईला हाक मारली.