तुळशीची पानं खाली वळली तेव्हा

लश्कर भागातल्या आमच्या घरी अंगणात दगडी वृंदावन होतं. जादा पाणी निघून जायला त्याच्या बुडाला भोक होतं. ते पाणी दारापर्यंत ओघळायचं आणि येणारेजाणारे त्यात पाय देऊन जायचे. तुळशीचं पाणी पायदळी येतं म्हणून सासूबाईंनी आषाढी एकादशीच्या आधी ते भोक चुन्यानं पक्कं बुजवून घेतलं.

त्या वर्षी माझे धाकटे दीर क्षयानं अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, सासूबाईंनी चातुर्मासाचा नेम दिला. रोज तुळशीला पाणी घालायचं. झाड हिरवं राहिलं तर नवरा उठेल. जाऊ विशीचीही नव्हती. तिनं ते खरं मानलं.

श्रावणात पानं खाली वळली. सुकलेली नव्हती. हात लावला तर पान ताठ लागायचं, फक्त देठापासून वाकून जमिनीकडे तोंड केलेलं.

"तहानली आहे," सासूबाई म्हणाल्या. "एक तांब्या जास्त घालायला हात मोडतात का तुझे?"

"दोन्ही वेळा घालते, सासूबाई," जाऊ म्हणाली.

मी म्हटलं, "माती तर ओलीच आहे."

"तू गप्प बस. तुझा नवरा हिंडताफिरता आहे."

जाऊ मग दुपारीही पाणी घालू लागली. पानं पिवळी पडून गळायला लागली. दीर आतून खोकत विचारायचे, "तुळस कशी आहे गं?" ती सांगायची, "चांगली आहे. मंजिऱ्या आल्यात." मंजिऱ्या आल्या नव्हत्या.

दिवाळीच्या आतच झाड काळं पडलं. दुसरं रोप आणून तुळशीचं लग्न लावलं. दीर त्या थंडीत गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकीला सासूबाईंनी सांगितलं, हिनं तुळस मारली. जावेला तिचा भाऊ घेऊन गेला. त्याच्या घरी राबत ती म्हातारी झाली.

आता माझी नात कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आजी, मुळं पाण्यात बुडाली की त्यांना हवा मिळत नाही. मग मुळांत एक द्रव्य बनतं. ते वर पानांत चढतं आणि तिथं हवा लागली की त्याचा वायू होतो. त्या वायूनं देठाची वरची बाजू खालच्यापेक्षा जास्त वाढते, म्हणून पान खाली वळतं. लोकांना वाटतं, तहान लागली."

"भोक उघडलं असतं तर?"

"तुळस बहुतेक जगली असती."

दीर जगले नसते. क्षयाला तेव्हा औषध नव्हतं. पण तुळस मारल्याचा बोल जावेला लागला नसता. आता हे कुणाला सांगू? सासूबाई गेल्या, जाऊही गेली. आमची शेवटची भेट झाली तेव्हा तिला नीट दिसतही नव्हतं. तुळशीची गोष्ट तिनंच काढली. म्हणाली, "वहिनी, माझं पाणीच कमी पडलं."