जोडलेले हात

प्रार्थनेसाठी जोडलेल्या हातांकडे मी आता संशयाने पाहतो. कोल्हापुरातल्या फुटबॉलच्या त्या अंतिम सामन्यात आमच्या तालमीच्या संघाची शेवटची पेनल्टी शेजारच्या सदाशिवचा मुलगा मारणार होता. संघात त्याची निवड माझ्या मुलाला वगळून झाली होती. सदाशिवने मैदानाकडे पाठ फिरवली.

"मला बघवत न्हाई, दादा. काय हुतंय ते तुमीच सांगा."

मी हात जोडले. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला आणि अवघी गॅलरी मटकन खाली बसली.

"गेला बाहेर," मी सांगितले. माझा स्वर मलाच फार स्थिर वाटला.

सदाशिव वळला. माझे अजून जोडलेलेच हात पाहून डोळे पुसत म्हणाला, "तुमी तरी देवाकडं मागितलं."

मी नेमके काय मागितले होते, याची मला आजही खात्री नाही.