वीस टक्के आणि एक दार

घराचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. मुंबईत तीन माणसं डबा उघडून बसली की पाचव्या मिनिटाला कोणीतरी चौरस फुटांवर येतंच. आमची परळची पॅथॉलॉजी लॅब. सकाळी सातपासून रक्त, साखर, थायरॉइड. दुपारी दीडला स्टोअर रूममधल्या टेबलावर तीन डबे. माझा, सावंतचा आणि परेरा अंकलचा. मी रोज अर्धं पान डायरी लिहिते. कोणी शिकवलं नाही, लागली सवय. परवा जुन्या डायऱ्या चाळल्या, तर गेल्या तीन वर्षांच्या नोंदींत भाजीपेक्षा सावंतचं घर जास्त वेळा आलेलं दिसलं! त्यातलंच हे थोडं.

*

सावंत आमचा टेक्निशियन. सुई कधी टोचली ते पेशंटला कळत नाही इतका हात हलका. राहायला लालबागच्या चाळीत. दहा बाय बाराची खोली, त्यात तो, बायको रुपाली, आई आणि मुलगी तन्वी.

तन्वी तेव्हा नववीत होती. एक दिवस डबा न उघडताच सावंत म्हणाला, "मॅडम, घर घ्यायचं."

"का रे, अचानक?"

"पोरगी कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास करते. काल मी जेवायला हाक मारली, तिला ऐकूच गेली नाही. मला मोठं घर नको. दार हवंय. तिने आत जाऊन लावायचं, एवढंच एक दार."

लालबागला त्यांच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. लावलं तर शेजारी विचारायला येतात, कोण आजारी आहे म्हणून!

"आधी किती साठवायचे पण?" सावंतने विचारलं.

परेरा अंकल आमचे हिशेब बघतात. त्यांनी चमचा खाली ठेवला. "बँक फार तर ऐंशी टक्के देते. वीस आपण उभे करायचे."

सावंत खूश. वीस म्हणजे पाचातला एक, जमेल! मग अंकलनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. स्टँप ड्यूटी, रजिस्ट्रेशन, एजंट, वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी, बँकेची फी, सामान हलवणं.

सावंतचा चेहरा पडला. "अंकल, वीस टक्क्यांच्या वर हे जे लागतं, त्याला काय म्हणतात?"

"मुंबई!"

*

सावंतने साठवायची पद्धतही लॅबमधलीच काढली. "मॅडम, फास्टिंग शुगर कशी घेतो आपण? पोटात काही जायच्या आधी. तसा पगार फास्टिंगमध्ये काढायचा."

पगार जमा झाल्याचा मेसेज आला की ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकायची आणि मगच पहिला चहा. महिन्याच्या त्या सकाळी तो खरोखर चहा घ्यायचा नाही. एकदा पगार संध्याकाळी जमा झाला. दिवसभर बिचारा पाण्यावर!

अकरा महिने हे उत्तम चाललं. मग गणपती आले. सावंत कुटुंब गावी गेलं, आणि त्याच्या आईने घराच्या छपराकडे बोट दाखवलं. यंदा कौलं बदलली नाहीत तर पुढच्या वर्षी गणपती भिजेल.

परत आल्यावर सावंत खाली मान घालून जेवत होता. अंकलनी विचारलं, "किती गेले?"

"निम्मे."

"हरकत नाही," अंकल शांतपणे म्हणाले, "पेशंटने मध्येच लाडू खाल्ला. सँपल परत घेऊ."

*

गंमत अशी की आम्हा तिघांत घरावर सगळ्यात जास्त सल्ले देणाऱ्या परेरा अंकलनी आयुष्यात घर विकत घेतलेलं नाही. खोताच्या वाडीतलं लाकडी घर, आजोबांपासूनचं. तिथेच जन्म, तिथेच पेन्शनचे वेध.

त्यांच्याकडे दर महिन्याला कोणीतरी एजंट यायचा, घर विकणार का विचारायला. एकदा एक नवाच मुलगा आला, टाय लावून. अंकलनी त्याला व्हरांड्यात बसवलं, सरबत दिलं आणि विचारलं, "तू कुठे राहतोस?"

"नालासोपाऱ्याला, सर. भाड्याने."

"स्वतःचं घ्यायला किती साठवलेस?"

मुलाने टाय सैल केला. अंकलनी त्याला तासभर वीस टक्के समजावले. फास्टिंगची पद्धतही सांगितली, सावंतचं नाव घेऊन! पुढच्या रविवारी मुलगा पुन्हा दारात हजर.

"पुन्हा विचारायला आलास? घर विकायचं नाही म्हटलं ना!"

"घराचं नाही, सर. वही आणलीय."

*

एका रविवारी सावंत, रुपाली आणि मी वडाळ्याला एका नव्या टॉवरचा सँपल फ्लॅट बघायला गेलो. परवडणारा नव्हताच. सावंतचं म्हणणं, नॉर्मल रेंज कळली पाहिजे.

आत एसी, मंद दिवे, भिंतभर आरसा. सेल्सच्या मुलीने बेडरूम दाखवली, किचन दाखवलं, बाल्कनीतून दिसणारं आकाशही दाखवलं. सावंत मात्र बेडरूमच्या चौकटीपाशी उभा. चौकटीवरून हात फिरवत होता.

"सर, काही प्रॉब्लेम?"

"दार कुठाय?"

"सर, सँपल फ्लॅटमध्ये आतली दारं लावत नाही आम्ही. दार नसलं की स्पेस मोठी वाटते."

"मॅडम," सावंत अगदी नम्रपणे म्हणाला, "बिनदाराचं घर आहे माझ्याकडे!"

*

माझा किस्सा सांगायला नको वाटतं, पण डायरीत आहे म्हणून सांगते. मी आणि ह्यांनी माटुंग्याचं घर घेतलं तेव्हा होतं नव्हतं ते सगळं भरलं. कर्ज कमी घेतलं म्हणून कोण अभिमान! चावी मिळाली, दार उघडलं, बटण दाबलं. दिवा नाही. छताला नुसत्या वायरी लोंबत होत्या. जुन्या मालकाने पंखे, दिवे, होल्डरसुद्धा काढून नेले होते. आणि आमच्या खात्यात पगाराला नऊ दिवस बाकी!

तेव्हा परेरा अंकल त्यांचा टेबलफॅन घेऊन टॅक्सीने आले होते. "कर्णिक मॅडम," ते म्हणाले होते, "घर विकत घेताना घरात राहायचे पैसेही लागतात. निदान सहा महिन्यांचे कर्जाचे हप्ते बाजूला हवेत."

हा किस्सा ऐकल्यावर सावंतने माझ्याच पेनाने टिश्यू पेपरवर लिहून घेतलं: वीस टक्के, वरची मुंबई, सहा हप्ते, एक पंखा.

*

दोन वर्षं झाली तेव्हा वडाळ्याच्याच एका जुन्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट निघाला. तिसरा मजला, एक बेडरूम, बेडरूमला दार. मालक म्हणाला, आठ दिवसांत सांगा. सावंतकडे वीस टक्के होते, वरची मुंबईही होती. सहा हप्ते नव्हते.

तन्वी अकरावीत गेलेली. रुपाली म्हणाली, घेऊन टाकू, पुढचं पुढे बघू. सावंतने तो टिश्यू पाकिटातून काढला, घडी उलगडली, पुन्हा घातली. मला विचारलं, "मॅडम, काय करू?"

मी म्हटलं, "तुझी आई आजारी पडली आणि त्याच महिन्यात हप्ता आला, तर?"

त्याने मालकाला नको म्हणून कळवलं. पाचव्या दिवशी फ्लॅट गेला.

त्यानंतर चार दिवस सावंतच्या डब्यात पडवळ. पडवळ त्याला अजिबात चालत नाही, हे रुपालीला लग्नापासून माहीत आहे. तो मुकाट्याने खायचा. मीही मुकाट बसायचे, कारण त्यातलं अर्धं पडवळ माझ्यासाठी होतं हे मला कळत होतं! पाचव्या दिवशी डबा उघडला तर तळलेले बोंबील.

"सुटलो," सावंत म्हणाला.

वर्षभराने त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा तसाच फ्लॅट निघाला. आधीच्यापेक्षा महाग. तेव्हाच घेतला असता तर बरं झालं असतं का, यावर आमच्या टेबलावर अजून एकमत नाही. पण या वेळी टिश्यूवरच्या चारही ओळींवर टिक होती.

*

चावी मिळाली त्या रविवारी मी आणि परेरा अंकल गेलो. मी तोच टेबलफॅन नेला होता. गॅसचं कनेक्शन यायचं होतं, म्हणून दूध उतू घालायला इंडक्शनची शेगडी मांडली होती. तन्वी आल्या आल्या बेडरूममध्ये गेली. बारावीचं वर्ष. तिने दार लावून घेतलं. सावंतने ते लागताना पाहिलं आणि तो दुधाकडे वळला.

दुधाला साय धरायला लागली तशी सावंतची आई उठली. "शेजाऱ्यांका बोलवूक नको?" म्हणत बाहेर गेली आणि समोरचं दार वाजवू लागली. तिला आवरायला रुपाली गेली. रुपालीच्या मागे सावंत. "काय झालं?" म्हणत आम्ही दोघं. टेबलफॅन फुल स्पीडला होता. मागे धाडकन दार लागलं.

चाळीत कडी-कोयंडा. आपोआप लागणारं लॅच त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. चाव्या आत, दुधाशेजारी.

"तन्वी आहे ना आत!" रुपाली म्हणाली.

आम्ही दार वाजवलं. हाका मारल्या. समोरचे, वरचे, खालचे, सगळे गोळा झाले. आत काही हालचाल नाही. सावंतने तन्वीला फोन लावला. रुपालीच्या खांद्यावरच्या पर्समध्ये रिंग वाजली! बारावी म्हणून फोन तिनेच काढून घेतला होता.

तेवढ्यात सावंतने कपाळावर हात मारला. "कापूस!"

"अरे, आता तिला दार आहे ना?" अंकल म्हणाले.

"सवय आहे, अंकल."

शेवटी स्टेशनबाहेरून चावीवाला आणला. त्याने कुलूप बघितलं, पैसे सांगितले. सावंतची आई मुलाकडे बघत राहिली. "झिला, दार लावूक इतके पैसे दिलंस, आता उघडूक पण पैसे?"

"आई, त्याचेच बाजूला ठेवलेत," सावंत म्हणाला आणि चावीवाल्याला मान हलवून हो म्हटलं.

दहा मिनिटांत दार उघडलं. दूध ओट्यावरून खाली जमिनीवर आलं होतं, शेगडी आपोआप बंद होऊन टीं टीं करत होती. बेडरूमचं दार बंद. आतून पान उलटल्याचा आवाज आला.

चावीवाल्याने पैसे खिशात घातले, हत्यारं गोळा केली आणि त्या बंद दाराकडे बोट दाखवलं.

"सेठ, वो वाला भी खोलने का क्या?"

"नको!" सावंत, रुपाली आणि आई, तिघंही एकदम ओरडली.