उंबरठ्यावरचा राक्षस

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी राक्षसांची काळजी घेणारा माणूस अख्ख्या दिल्लीत दुसरा नसेल. मी मोजमापाचा माणूस, असली विधानं सहसा करत नाही. पण हे करतो.

काकांनी छत्तीस वर्षं एका मंत्रालयात फाइलींवर टिपणं लिहिली. निवृत्तीनंतर त्यांनी मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या मराठी मुलांसाठी परीकथा नव्याने लिहायला घेतल्या. दर रविवारी सकाळी दहाला आमच्या हॉलमध्ये ते त्या वाचत. राक्षसाला मारायचा राजाचा हुकूम त्यांच्या गोष्टीत आधी तीन टेबलांवरून फिरे आणि सही होऊन येईपर्यंत राक्षस म्हातारा होऊन गुडघे शेकत बसलेला असे. उडती सतरंजी पानिपतच्या मागावर विणलेली असे, आणि तिच्यावर बसण्याआधी राजकन्येला चपला काढाव्या लागत. "गोष्टीत थाप चालते, आकडा चुकलेला चालत नाही," असं म्हणून ते शनिवारी माझ्याकडून आकडे तपासून घेत. सतरंजी कावळ्याच्या वेगाने उडाली तर पानिपतहून आमच्या गच्चीवर अडीच तासांत येते, वारा नसेल तर. हे उत्तर माझं आहे. ते गोष्टीत जसंच्या तसं आलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

दिल्लीत वाढलेली ही पोरं मराठी शब्दाला सारखी अडत. त्यावर काकांचा नियम होता. अडलं की हात वर करायचा, आणि शब्द कळेपर्यंत गोष्ट जागच्या जागी थांबायची. हिंदीत सांगून मोकळं व्हायचं नाही. एकदा राक्षसाने उंबरठा ओलांडायला पाय उचलला आणि सात हात वर झाले. आमच्या फ्लॅटना उंबरठे नाहीत. काका सगळ्यांना घेऊन चारही मजले फिरले. शेवटी सोसायटीच्या देवळाला एक सापडला, जेमतेम दोन इंचांचा. मुलांनी तो रांगेने ओलांडला. परत आल्यावर काकांनी घड्याळ पाहिलं. "बिचारा चोवीस मिनिटं एका पायावर उभा आहे. टेकवू दे आता त्याला."

माझी मुलगी सई बारा वर्षांची. तिचं मराठी ऐकून माझी आई फोनवर गप्प होते. ती सगळ्यांच्या मागे बसून म्हणायची, "काका, यार, कित्ती स्लो!" काका म्हणायचे, "यार नको, नुसतं काका पुरे."

गेल्या हिवाळ्यात राजकन्या सतरंजीवरून यमुनेवर पोचली आणि काकांच्या घशाचं ऑपरेशन निघालं. आवाज येईल, पण हॉलभर ऐकू जाईल इतका येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाच रविवार गोष्ट झाली नाही. जिन्यात मुलं विचारत, "राजकन्या अजून वरच आहे?" काका पाटीवर लिहीत, "हो. थंडी वाजतेय तिला."

सहाव्या रविवारी त्यांनी वही माझ्या हातात दिली. मी वाचलं. स्पष्ट वाचलं, एकही शब्द गाळला नाही. कोणी हसलं नाही. काकांनी पाटीवर लिहिलं, "बंद करू या."

सईने माझ्या हातातून वही ओढली. "बाबा, तुम्ही मेट्रोची अनाउन्समेंट करताय." तिने राक्षसाला काकांसारखं खाकरायला लावलं आणि मुलं लोळायला लागली. वहीतलं लिहिलेलं संपलं तेव्हा ती थांबली नाही, मनाने सांगत सुटली. "आणि राक्षस धावत आला, और दहलीज पे अटक गया."

काकांचा हात वर झाला.

नियम तो नियम. राक्षस तिथेच थांबला. सई छताकडे बघत राहिली. "एक मिनिट हं, काका." मी घड्याळ लावलं होतं. एक्केचाळीस सेकंद.

"उंबरठा," ती म्हणाली. "राक्षस उंबरठ्यावर अडकला."

काकांनी हात खाली घेतला.

काकांचा आवाज आता थोडा परत आलाय; शेजारी बसलं तर ऐकू येतो. रविवारी सईच गोष्ट सांगते, आणि काका मागे तिच्या जुन्या जागेवर बसतात. किती हात वर झाले ते मी मोजतो. सर्वांत जास्त वेळा काकांचा असतो. हल्ली तर ते सईला येत असलेल्या शब्दालाही हात वर करतात. ती दोन क्षण थांबते, हसते, शब्द सांगते, आणि तेवढ्या वेळात ते तिच्याकडे नुसते बघत असतात.

ते हात मी मोजत नाही.